११ डिसेंबर २०१८ : चॅम्पियन्स लीगचे दोन्ही फायनलिस्ट एकाच रात्री वाचले

मध्यरेषा

२०१८-१९च्या चॅम्पियन्स लीगचा विषय निघाला की गप्पा थेट मे महिन्यात पोचतात. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर बार्सिलोनाला बसलेले चार गोल, दुसऱ्याच रात्री ॲमस्टरडॅममध्ये लुकास मोराची हॅटट्रिक. त्या दोन रात्री मीही विसरलेलो नाही. पण गेले काही दिवस त्या हंगामाचे सामने पहिल्यापासून ओळीने पुन्हा बघतोय, आणि माझं मत बदललंय. त्या हंगामाचा निकाल डिसेंबरमध्येच लागला होता. मंगळवार, ११ डिसेंबर २०१८. आपल्याकडे घड्याळात रात्रीचा दीड वाजून गेला होता, म्हणजे तारीख १२ झाली होती.

त्या रात्री गट साखळीची शेवटची फेरी होती. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम, पुढे १ जूनला माद्रिदमध्ये फायनल खेळलेले हे दोन्ही संघ, त्या रात्री बाहेर पडण्याच्या अगदी काठावर उभे होते.

आधी लिव्हरपूल. 'क' गटात पीएसजी, नापोली आणि बेलग्रेडचा रेड स्टार. लिव्हरपूल परक्या मैदानावरचे तिन्ही सामने हरलं. नापोलीत ०-१, बेलग्रेडला ०-२, पॅरिसला १-२. शेवटच्या फेरीआधी नापोली ९, पीएसजी ८, लिव्हरपूल ६. नापोली ॲनफिल्डवर आलेली. लिव्हरपूलला नुसता विजय पुरणार नव्हता. १-० चालला असता, दोन गोलांच्या फरकाने जिंकलं तरी चाललं असतं, पण २-१ नाही. कारण आपापसातले दोन सामने मिळून २-२ झाले असते आणि नापोलीचा ॲनफिल्डवरचा गोल भारी पडला असता (बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, हा तेव्हाचा 'अवे गोल'चा नियम).

३४व्या मिनिटाला सालाहने गोल केला. नंतर मानेने एकामागून एक संधी घालवल्या. त्यामुळे शेवटपर्यंत १-०. इंज्युरी टाइमचं दुसरं मिनिट चालू असताना उजवीकडून कायेहोनचा क्रॉस आला, सगळा बचाव ओलांडून नापोलीच्या मिलिककडे. गोलपासून पाच-सहा यार्डांवर मिलिक एकटा. त्याने चेंडू थांबवला, मारला, आणि लिव्हरपूलचा गोलकीपर अलिसन पुढे झेपावून हातपाय पसरून आडवा आला. चेंडू अंगावर बसून बाहेर.

तो गोल झाला असता तर लिव्हरपूल सात गुणांवर तिसरं, म्हणजे युरोपा लीगमध्ये. ॲनफिल्डची ती रात्रही नाही आणि सहावा कपही नाही. आदल्या मे महिन्यात किव्हच्या फायनलमध्ये गोलकीपर कारियसच्या दोन चुका झाल्या होत्या, म्हणून प्रशिक्षक क्लॉपने अलिसनला रोमाकडून आणलं होतं. त्या एका अडवणुकीत त्या खरेदीची किंमत वसूल झाली, असं मला मनापासून वाटतं.

आता टॉटनहॅम. 'ब' गट : बार्सिलोना, इंटर, पीएसव्ही. पहिल्या तीन सामन्यांतून फक्त १ गुण. मग वेंब्लीवर पीएसव्हीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला आणि केनने ७८ आणि ८९व्या मिनिटाला दोन गोल करून सामना फिरवला. इंटरला एरिक्सनच्या ८०व्या मिनिटाच्या गोलवर १-० हरवलं. शेवटचा सामना थेट बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर. सातव्या मिनिटाला डेम्बेलेने मधल्या रेषेजवळून चेंडू घेऊन गोल मारला. तिकडे मिलानमध्ये पीएसव्हीने इंटरवर आघाडी घेतली होती, त्यामुळे हरत असूनही टॉटनहॅम पुढे जात होतं. ७३व्या मिनिटाला इकार्डीने इंटरची बरोबरी केली आणि टॉटनहॅम बाहेर. बारा मिनिटं ते बाहेर होते. ८५व्या मिनिटाला डावीकडून केनचा पास आणि मोराचा गोल. १-१.

टॉटनहॅम ८, इंटर ८. आपापसातले सामने : मिलानला इंटर २-१, वेंब्लीवर टॉटनहॅम १-०. बेरीज २-२. टॉटनहॅमचा मिलानमधला एक गोल होता, इंटरचा वेंब्लीवर एकही नव्हता. सप्टेंबरमध्ये, हरलेल्या सामन्यात, एरिक्सनने मारलेला आणि मिरांडाच्या पायाला लागून आत गेलेला तो गोल. त्या गोलाने त्यांना डिसेंबरमध्ये वाचवलं.

मी त्या रात्री टीव्हीवर ॲनफिल्ड आणि फोनवर कॅम्प नोऊचा स्कोअर लावून बसलो होतो. लिव्हरपूल पुढे जातंय याचाच आनंद होता. हेच दोन संघ जूनमध्ये समोरासमोर येतील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तुम्हाला त्या हंगामातला कुठला क्षण निर्णायक वाटतो? आणि का? सविस्तर लिहा.

लाल स्कार्फ

फार सुंदर धागा. मिलिकच्या त्या क्षणाला मी खुर्चीवरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो होतो. बघवतच नव्हतं. बायकोने 'वाचलं' म्हणून सांगितलं.

एक भर घालतो. त्याच गटातला पहिला सामना आठवा, १८ सप्टेंबर. ॲनफिल्डवर पीएसजी. २-० वरून २-२ झालं आणि ९०+२ला फिर्मिनोने ३-२ केलं. तो गोल नसता तर शेवटी लिव्हरपूलचे ९ नाही, ७ गुण. मग अलिसनने दहा वेळा अडवलं असतं तरी उपयोग नव्हता. फिर्मिनो त्या दिवशी बेंचवरून आला होता, कारण तीन दिवसांपूर्वी लीगच्या सामन्यात व्हेर्टोंगेनचं बोट त्याच्या डोळ्यात गेलं होतं. गोलनंतर त्याने एका डोळ्यावर हात ठेवून तो साजरा केला. आणि व्हेर्टोंगेन कुणाचा? टॉटनहॅमचा!

आणि नापोलीशी बरोबरी सुटली कशी तेही सांगायला हवं. गुण ९-९, आपापसात १-० आणि ०-१, गोलफरक दोघांचा +२. लिव्हरपूलने गोल जास्त केले होते, ९ विरुद्ध ७. बस्स, तेवढंच.

आकडेमोड

धागाकर्त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. त्यांच्याच मुद्द्याला धरून एक हिशेब मांडतो, मला तो बरेच दिवस छळतोय.

त्या हंगामात, पात्रता फेऱ्या धरून, कोण किती हरलं?
बार्सिलोना : १ (ॲनफिल्डवरचे ४-०)
आयाक्स : २
लिव्हरपूल : ४
टॉटनहॅम : ५ (फायनल धरून)

म्हणजे उपांत्य फेरीत पोचलेल्या चौघांत सर्वांत कमी हरलेले दोघे तिथेच थांबले, आणि सर्वांत जास्त हरलेले दोघे फायनलला गेले. साखळी स्पर्धेतही कमी हरलेला मागे राहू शकतो. त्याच वर्षी इंग्लिश लीगमध्ये लिव्हरपूल ३८ सामन्यांत फक्त एकदा हरलं, ९७ गुण मिळवले, आणि ९८ गुणांच्या मँचेस्टर सिटीमागे दुसरं आलं. चार वेळा हरून युरोप जिंकलं आणि एकदा हरून लीग गमावली.

दुसरी गोष्ट अवे गोलची. बाद फेरीच्या १४ लढतींपैकी ३ अवे गोलवर सुटल्या : मँचेस्टर युनायटेड-पीएसजी, टॉटनहॅम-सिटी, टॉटनहॅम-आयाक्स. गटातली इंटरशी बरोबरी धरली तर टॉटनहॅम एकाच हंगामात तीनदा याच नियमाने तरलं. युएफाने २०२१मध्ये हा नियम काढून टाकला. आजच्या नियमात सिटीविरुद्ध आणि आयाक्सविरुद्ध दोन्हीकडे जादा वेळ खेळावा लागला असता, आणि त्या जादा वेळात काय झालं असतं याचा विचार केला की मला झोप लागत नाही.

कालवेकाठी

मी तेव्हा नेदरलँड्समध्येच होतो, अजूनही आहे. ॲमस्टरडॅमपासून ट्रेनने अर्ध्या तासावर. इथल्या लोकांसाठी तो हंगाम डिसेंबरमध्ये नाही, जुलैमध्ये सुरू झाला, ते सांगायला हवं म्हणून लिहितोय.

आयाक्सने २५ जुलैला ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्राझविरुद्ध पात्रता सामन्याने सुरुवात केली. मग स्टँडर्ड लिएज, मग डायनॅमो किव्ह. सहा पात्रता सामने, सहा गटातले, सहा बाद फेरीतले, एकूण १८. लिव्हरपूलने कप जिंकला १३ सामन्यांत.

गटात बायर्नला म्युनिकमध्ये १-१ आणि इथे ३-३, गटात एकही पराभव नाही. आणि बाद फेरीतलं एक सत्य मला तेव्हा कळलंच नव्हतं, नंतर मांडणी केली तेव्हा चमकलो. आयाक्सने बाद फेरीत परक्या मैदानावरचे तिन्ही सामने जिंकले. माद्रिदमध्ये ४-१, ट्यूरिनमध्ये २-१, लंडनमध्ये १-०. आणि घरच्या मैदानावरचा एकही जिंकला नाही. रेआलशी १-२, युव्हेंटसशी १-१, टॉटनहॅमशी २-३. पाहुणे म्हणून गेले तिथे राजे, आणि स्वतःच्या घरात तीनदा अडखळले.

रेआलचा सामना ५ मार्चचा. सलग तीन वर्षं जिंकलेला संघ. पहिल्या लेगमध्ये (दोनपैकी पहिल्या सामन्यात) आयाक्सच्या ताल्याफिकोचा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, रद्द केला होता (बाद फेरीत व्हीएआर आणल्यावर रद्द झालेला पहिला गोल तोच), त्यामुळे इथे सगळे चिडलेले होते. रेआलच्या रामोसने ॲमस्टरडॅममध्ये मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं, दुसऱ्या लेगलाच बंदी भोगून मोकळं व्हावं, पुढच्या फेरीत ते डोक्यावर नको म्हणून. पुढची फेरी आलीच नाही. घरच्या बर्नाबेऊवर तो वरच्या बाजूला बसून संघाला बुडताना बघत होता. तादिचने तिसरा गोल मारण्याआधी दोन गोलांना पास दिले होते, आणि त्याची ती मधेच गिरकी घेऊन निघायची लकब... ते बघताना माझ्या शेजारचे आजोबा, सत्तरीचे, १९७०च्या दशकातलं आयाक्स बघितलेले, काही न बोलता रुमालाने डोळे पुसत होते.

डच फुटबॉल संघटनेने उपांत्य फेरीआधी देशाच्या लीगची एक अख्खी फेरी पुढे ढकलली, जेणेकरून या मुलांना विश्रांती मिळावी. लीग संपली १५ मेला. बाकीच्या क्लबांनी ते मान्य केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

८ मेच्या संध्याकाळचं लिहायला हात जड होतो. पाचव्या मिनिटाला डे लिख्टचं हेडर, ३५व्या मिनिटाला झियेश. २-०, एकूण ३-०. हाफटाइमला लोक माद्रिदच्या विमानांची तिकिटं बघायला लागले होते. पुढचं नंतर लिहितो.

पेठेतला फॉरवर्ड

कालवेकाठी दादा, नंतर नको, आत्ताच लिहा. इथं कोल्हापुरात आम्ही पोरं तो सामना एकाच्या घरी गच्चीवर बघत होतो, रात्री साडेबाराला. निम्मी आयाक्सकडून, कारण डे लिख्ट १९ वर्षांचा आणि कॅप्टन! आमच्याकडं तालमीच्या संघात १९ वर्षाच्या पोराला शाहू स्टेडियमवर पहिल्या अकरात जागा मिळाली तर पेठेत मिरवणूक निघंल.

मला एक विचारायचंय. मोराचा तिसरा गोल मी शंभरदा बघितला असेल, तरी तो चेंडू तिथपर्यंत पोचला कसा ते नीट सांगा कुणीतरी. जाणत्यांकडून वाचायला आवडंल.

कालवेकाठी

लिहितो.

टॉटनहॅमकडे केन नव्हता, घोटा दुखावलेला. हाफटाइमला त्यांचा प्रशिक्षक पोचेट्टिनोने वान्यामाला काढून योरेंतेला आणलं. उंच माणूस. त्यानंतर टॉटनहॅमने मधून पास करत येणं सोडलं आणि सरळ त्याच्या डोक्यावर चेंडू टाकायला सुरुवात केली. आयाक्सचा सगळा खेळ चेंडू पायाशी ठेवण्याचा. हवेतल्या लढाईत ती मुलं हरवली.

५५व्या मिनिटाला पहिला. ५९व्या मिनिटाला आयाक्सचा गोलकीपर ओनानाने योरेंतेचा जवळून मारलेला चेंडू अप्रतिम अडवला, पण तो आणि त्याचाच सहकारी शोने एकमेकांत अडकले, चेंडू सुटला, आणि मोरा त्या गर्दीत दोनदा वळून डाव्या पायाने मारून मोकळा झाला. २-२. आयाक्सला तरीही एवढंच पुरत होतं. ७९व्या मिनिटाला झियेशचा चेंडू खांबाला लागला. ८७व्या मिनिटाला व्हेर्टोंगेनचं हेडर वरच्या दांडीला.

आणि ९०+६. सिस्सोकोने स्वतःच्या अर्ध्यातून लांब चेंडू उचलला. डे लिख्ट योरेंतेबरोबर उडाला, चेंडू पुढे पडला. डेले अलीने तो हलकेच पुढे सरकवला. मोरा धावत आला आणि पुन्हा डावा पाय. कोपऱ्यात, जमिनीलगत. तिन्ही गोल डाव्या पायाने, आणि तो उजव्या पायाचा खेळाडू.

आयाक्सचे खेळाडू एकाच वेळी गवतावर कोसळले. मी ज्या कॅफेत होतो तिथे कुणीही शिवी दिली नाही, कुणी ग्लास आपटला नाही. पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. मग कुणीतरी बिल मागितलं.

मध्यरेषा

कालवेकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून मी धाग्याचं शीर्षक बदलावं का असा विचार करतोय. घरी एकही न जिंकता उपांत्य फेरी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अवे गोलबद्दल : आकडेमोड म्हणतात तसं टॉटनहॅम तीनदा तरलं, पण त्यामुळे त्यांचं यश मला कमी वाटत नाही. नियम सगळ्यांना आधी ठाऊक होता. १९६५पासून होता. त्या काळात परदेशी जाऊन खेळणं म्हणजे लांबचा प्रवास, अनोळखी मैदान, म्हणून पाहुण्यांनी बचावात गुंडाळून न बसता पुढे खेळावं यासाठी तो आणला. माझं मत स्पष्ट आहे : तो नियम ठेवायला हवा होता. सिटी-टॉटनहॅमचा १७ एप्रिलचा सामना आठवा. २१ मिनिटांत पाच गोल. स्टर्लिंग, सॉन, सॉन, बर्नार्डो सिल्व्हा, स्टर्लिंग. दर गोलागणिक सिटीला पुढे जायला आणखी किती गोल हवेत ते बदलत होतं, कारण घरचा गोल आणि परका गोल यांचं वजन वेगळं होतं. तो थरार साध्या बेरजेत नाही.

मांडवीतीर

नमस्कार, पणजीहून. मध्यरेषा, तुमच्याशी असहमत आहे, आणि ठामपणे.

मी मँचेस्टर सिटीची चाहती आहे. त्या रात्री योरेंतेचा ७३व्या मिनिटाचा गोल त्याच्या कमरेला लागून गेला की हातालाही स्पर्श झाला, हे पंच चाकिर यांनी मैदानाबाहेरच्या पडद्यावर जाऊन बघितलं आणि गोल दिला. ९०+३ला स्टर्लिंगने पाचवा मारला. मी ओरडत शेजाऱ्यांना उठवलं. अख्खं स्टेडियम नाचत होतं, आमचा प्रशिक्षक गार्डिओला धावत सुटला होता. मग पडद्यावर निकाल आला : अग्वेरो ऑफसाइड. गोल रद्द. ४-३ जिंकून सिटी बाहेर, एकूण ४-४.

ऑफसाइड होताच, निर्णय बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नियमाची आहे. दोन्ही सामने मिळून दोघांनी चार-चार गोल केले. मग एक संघ दुसऱ्यापेक्षा चांगला कसा? लंडनमध्ये आम्ही गोल केला नाही म्हणून? त्या सामन्यात अग्वेरोची पेनल्टी लोरिसने अडवली, तिथेच आमची चूक झाली हे मान्य. पण बरोबरीतल्या संघांना आणखी तीस मिनिटं मिळायला हवीत. २०२१चा निर्णय योग्य आहे. मी त्या दिवशी तो वाचला तेव्हा पहिली आठवण याच सामन्याची आली.

दुसरं, आमच्या घरात बाबा जुने बेनफिकावाले. गोव्यात त्या पिढीत असे बरेच जण सापडतात. गटात ॲमस्टरडॅमला बेनफिका ९०+२ला मझ्रावीच्या गोलवर हरली. बाबा म्हणाले होते, ही पोरं लांब जाणार. त्यांना मार्चमध्ये मी फोन करून सांगितलं, तुमचं खरं ठरलं.

आकडेमोड

मांडवीतीर ताई, तुमचा मुद्दा पटतो. पण पीएसजीवाल्यांच्या बाजूनेही बघा. युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर ०-२ गमावल्यावर पॅरिसमध्ये ३-१ जिंकलं, दहा खेळाडू नसताना. घरच्या मैदानावर पहिला लेग दोन गोलांनी हरून पुढे गेलेला चॅम्पियन्स लीगमधला तो पहिलाच संघ. शेवटचा गोल ९०+४ला रॅशफर्डची पेनल्टी, किंपेंबेच्या हाताला लागलेल्या चेंडूवर, व्हीएआरने दिलेली. तिथे अवे गोल नसता तर ३-३वर जादा वेळ, आणि पीएसजी घरच्या मैदानावर. रॅशफर्डचा तो क्षण मग कुणाला आठवला असता?

लाल स्कार्फ

अजून ॲनफिल्डबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. धागाकर्त्यांचं म्हणणं मान्य करूनही.

पहिल्या लेगमध्ये कॅम्प नोऊवर लिव्हरपूल वाईट खेळलं नव्हतं. ०-३ हा स्कोअर खेळाशी न्याय करणारा नव्हता. मेस्सीची ८२व्या मिनिटाची फ्री किक, बार्सिलोनासाठी त्याचा ६००वा गोल, ती मात्र अडवणं माणसाच्या हातात नव्हतं. पण माझ्या मते मोठा क्षण त्यानंतरचा आहे. अगदी शेवटच्या सेकंदाला तीन-चार जण पळत सुटले आणि डेम्बेलेने समोर फक्त गोलकीपर असताना चेंडू अलिसनच्या हातात सरकवला. ४-० झालं असतं. मध्यरेषांच्या यादीत मिलिकच्या शेजारी डेम्बेलेला बसवा.

७ मेला सालाह नव्हता, फिर्मिनो नव्हता. त्यांच्या जागी ओरिगी आणि शकिरी. हाफटाइमला रॉबर्टसन दुखावला म्हणून वाइनाल्डम आला. तो बेंचवर बसवल्यामुळे चिडलेला होता, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. ५४ आणि ५६व्या मिनिटाला त्याचे दोन गोल. आणि ७९व्या मिनिटाचा तो कॉर्नर. बॉलबॉयने झटकन चेंडू दिला, ट्रेंट कॉर्नर सोडून चालत निघाल्यासारखं करून वळला आणि खाली मारला. बार्सिलोनाचे बचावपटू पाठ फिरवून उभे, आणि ओरिगी एकटा जागा. मी त्या वेळी फक्त 'अरे मारला, मारला' एवढंच म्हणत होतो.

बार्सिलोनाला आदल्या वर्षी रोमाने असंच बाहेर काढलं होतं, ४-१ची आघाडी असताना ०-३. ती जखम त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. दुसरा गोल झाल्यावर ते रोममध्ये परत गेले, असं मला वाटलं.

पेठेतला फॉरवर्ड

नाद खुळा प्रतिसाद सगळे. कालवेकाठी दादांचं वाचताना गच्चीवरची ती रात्र परत आली. आमच्यातला एक जण तिसऱ्या गोलनंतर पायऱ्यांवर जाऊन बसला, सकाळपर्यंत बोलला नाही.

आता एक प्रश्न. फायनलला हॅटट्रिकवाल्या मोराला बेंचवर का बसवलं? मला हे आजपर्यंत पटलेलं नाही.

मध्यरेषा

हा प्रश्न मलाही सतावतो. केन ९ एप्रिलपासून खेळला नव्हता. घोटा बरा झाला, आणि पोचेट्टिनोने १ जूनला त्याला पहिल्या अकरात घेतलं, मोराला बाहेर. मोरा आला ६६व्या मिनिटाला, विंक्सच्या जागी.

फायनल बघितलेल्यांना ठाऊक आहे, अर्ध्या मिनिटाच्या आत सिस्सोकोच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी, दुसऱ्या मिनिटाला सालाह १-०. लीग संपून तीन आठवडे झालेले, माद्रिदचा उकाडा, दोन्ही संघांची लय गेलेली. सामना कंटाळवाणा झाला हे लिव्हरपूलवाल्यांनीही मान्य करावं. ८७व्या मिनिटाला ओरिगीने डाव्या पायाने २-० केलं.

माझं मत : केनला न खेळवणं कुठल्याच प्रशिक्षकाला जमलं नसतं. तो संघाचा सर्वांत मोठा खेळाडू. पण उपांत्य फेरीत योरेंते वर आणि मोरा त्याच्याभोवती पळतोय, या रचनेने आयाक्सला मोडलं होतं. ती रचना फायनलला पहिल्या मिनिटापासून दिसलीच नाही. जानेवारी २०१८मध्ये आलेला मोरा हीच टॉटनहॅमची शेवटची खरेदी होती. त्यानंतर दोन विंडो त्यांनी कुणालाच घेतलं नाही. नवं स्टेडियम बांधून होईपर्यंत हंगामाचा बहुतेक काळ वेंब्लीवर उसन्या घरात काढला. अशा संघाला तिथपर्यंत नेणाऱ्या माणसाला नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं, याचं मला वाईट वाटतं.

लाल स्कार्फ

मान्य, सामना कंटाळवाणा होता. पण किव्हमध्ये आदल्या वर्षी आम्ही चांगलं खेळूनही रडलो होतो. मला तो कंटाळवाणा सामना हवा होता.

केनबद्दल मात्र वेगळं मत. आमच्या बचावातल्या व्हान डाइक आणि माटिपसमोर मोरा पहिल्यापासून असता तर त्याला पळायला जागाच मिळाली नसती. आयाक्स पुढे येऊन खेळत होतं म्हणून त्याला मागे मोकळं रान मिळालं. आम्ही दुसऱ्या मिनिटाला आघाडी घेऊन मागे थांबलो होतो.

मांडवीतीर

लाल स्कार्फ, पण मागे थांबणार हे सामन्याआधी कुणाला ठाऊक होतं? पेनल्टी झाली म्हणून थांबलात.

कालवेकाठी

मोराच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही, आमच्यासाठी फायनल ८ मेलाच संपली होती. एक गोष्ट मात्र इथे नोंदवून ठेवतो.

१५ मेला आयाक्सने डूटिनखेममध्ये द ग्राफस्खापला हरवून लीग जिंकली. क्लबचं ते ३४वं विजेतेपद. ३४ हा अब्देलहक नूरीचा नंबर. जुलै २०१७मध्ये ऑस्ट्रियात मैत्रीपूर्ण सामन्यात तो मैदानावर कोसळला, हृदय थांबल्याने मेंदूला कायमची इजा झाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. डे लिख्ट, डे याँग, फान दे बेक, सगळे त्याच्याबरोबर खेळलेले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीच्या जल्लोषात जिथे बघावं तिथे ३४ आकडा होता. ती मुलं उन्हाळ्यात पांगणार हे सगळ्यांना माहीत होतं. डे याँगचा बार्सिलोनाशी करार जानेवारीतच झाला होता, डे लिख्ट पुढे युव्हेंटसला गेला. शेजारच्या आजोबांनी त्या दिवशी मला त्यांच्या खिडकीत बोलावलं. खाली रस्त्यावर पाठीवर ३४ लिहिलेले शर्ट घातलेली शाळकरी पोरं चेंडू खेळत होती, आणि आजोबा प्रत्येकाला वरून 'नूरी' म्हणून हाक मारत होते.